एकेरी नावाची सत्ता

४ जुलै २०१२ रोजी ब्रिटिश संसदेच्या ट्रेझरी समितीपुढे बॉब डायमंड साक्षीला बसले. आदल्याच दिवशी त्यांनी बार्कलेज बँकेच्या मुख्याधिकारीपदाचा राजीनामा दिला होता. त्याआधी आठवडाभर, २७ जूनला, लायबॉर या व्याजदराच्या नोंदींत फेरफार केल्याबद्दल ब्रिटिश आणि अमेरिकी नियामकांनी बँकेला एकूण २९ कोटी पौंडांचा दंड केला होता. प्रश्न गंभीर होते, प्रश्नकर्ते चिडलेले होते. पण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांना एक वेगळीच गोष्ट खुपलेली दिसली. डायमंड यांनी समितीच्या सदस्यांना, अगदी अध्यक्षांनाही, पहिल्या नावाने संबोधले होते. समोर मित्रमंडळी बसली असावी तसे हे गृहस्थ 'जॉन', 'अँड्र्यू' अशा हाका मारत उत्तरे देत होते.

ही बातमी तेव्हा वाचली आणि विसरली असती. पण पदव्युत्तर वर्गात समाजभाषाविज्ञान शिकवताना 'संबोधने' हे प्रकरण आले की आम्हांला ती दरवर्षी आठवते. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांचा सत्ता व सलगी यांच्या सर्वनामांविषयीचा १९६० सालचा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी शिकवला असेल. युरोपीय भाषांत 'तू' आणि 'तुम्ही' यांची वाटणी पूर्वी वरचा-खालचा या नात्याने होत असे. पुढे ती जवळचा-लांबचा या नात्याने होऊ लागली, असे त्याचे थोडक्यात सार. इंग्रजीने 'दाऊ' हे एकेरी सर्वनाम व्यवहारातून घालवले, त्यामुळे तिथे हे सगळे ओझे नावावर पडले. मिस्टर अमुक की नुसते अमुक, आडनाव की पहिले नाव, पूर्ण नाव की त्याचे लघुरूप, या निवडीतून इंग्रज माणूस ते सांगतो जे आपण 'अरे' आणि 'अहो' यांतून सांगतो. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, ब्राउन आणि मार्गरेट फोर्ड यांनी अमेरिकी इंग्रजीतील संबोधने तपासली. 'मिस्टर'वरून पहिल्या नावावर यायचा आरंभ कोण करतो, याचे त्यांना मिळालेले उत्तर असे, की ती मुभा वरच्याची असते. खालच्याने वाट पाहायची.

या नियमाने पाहिले तर डायमंड यांचे वर्तन नुसते अमेरिकी मोकळेपणाचे राहत नाही. जबाब मागणाऱ्याशी बरोबरीचे नाते आपणच जाहीर करून टाकणे, ही त्या खोलीतली पहिली चाल होती.

गंमत अशी की त्याच बैठकीत जॉन मान या खासदाराने डायमंड यांना एक प्रश्न टाकला: तुमची बँक ज्या क्वेकरांनी स्थापली त्यांची तीन मूलतत्त्वे कोणती? डायमंड यांना सांगता आली नाहीत. मान यांनीच ती सांगितली: प्रामाणिकपणा, सचोटी आणि सरळ व्यवहार. सभागृहातल्या कोणाच्या ध्यानात आले होते की नाही कोण जाणे, पण क्वेकरांचा उल्लेख करताना मान यांनी पहिल्या नावाच्या इतिहासालाच हात घातला होता.

जॉन फ्रीम आणि टॉमस गूल्ड या दोन क्वेकर सोनारांनी १६९० मध्ये लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर पेढी घातली. १७३६ मध्ये फ्रीमचा जावई जेम्स बार्कले भागीदार झाला आणि पेढीला आजचे नाव मिळाले. सतराव्या शतकातले हे क्वेकर म्हणजे संबोधनावरून तुरुंगात जाणारी माणसे. कोणापुढेही टोपी काढायची नाही, कोणाला 'माय लॉर्ड' किंवा 'युवर ऑनर' म्हणायचे नाही, राजापासून भिकाऱ्यापर्यंत सर्वांना 'दाऊ', आणि हाक नुसत्या नावाने. मान द्यायचा तो देवाला. माणसामाणसांत पदव्यांची उतरंड कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने दोन सहकाऱ्यांसह १६६० मध्ये चक्क एक व्याकरणवजा ग्रंथ काढला आणि एकाला उद्देशून अनेकवचन वापरणे हे व्याकरणदृष्ट्याही खोटे आहे हे अनेक भाषांचे दाखले देऊन सिद्ध करू पाहिले. आदरार्थी बहुवचनावर असा हल्ला आपल्याकडे कोणी केल्याचे आम्हांला आठवत नाही.

त्याची किंमत काय होती हे टॉमस एलवुडच्या आत्मचरित्रात पाहावे. मिल्टनच्या अभ्यासकांना हे नाव परिचयाचे आहे. अंध मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवणारा तोच हा तरुण. क्वेकर झालेला एलवुड वडिलांपुढे टोपी काढीना आणि त्यांना 'दाऊ' म्हणू लागला, तेव्हा त्या सुस्थित गृहस्थाने मुलाला गुद्दे घातले, त्याच्या टोप्या एकामागून एक काढून घेतल्या. बापाला एकेरी संबोधणारा मुलगा हा त्या समाजाच्या दृष्टीने बंडखोर होता, आणि ते खरेच होते.

तेव्हा बार्कलेजच्या उगमाशी असलेले एकेरी संबोधन खालून वर जाणारे होते. ते उच्चारणाऱ्याच्या पाठीशी सत्ता नव्हती, होता तो फक्त मार खाण्याचा धोका. २०१२ चे एकेरी संबोधन एका अब्जावधींच्या संस्थेच्या माथ्यावरून आलेले होते. शब्द तोच, दिशा उलटी. मधल्या तीनशे वर्षांत काय झाले?

एक तर हे झाले की क्वेकर श्रीमंत झाले. पण ते सोडून देऊ. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. अधिक रंजक आहे ती इंग्रज सद्गृहस्थांची आडनावाची रीत. जेन ऑस्टिनच्या 'एमा'मध्ये नवी आलेली मिसेस एल्टन पहिल्याच भेटीनंतर मिस्टर नाइटली यांचा उल्लेख नुसता 'नाइटली' असा करते आणि एमाचा संताप अनावर होतो. एमा स्वतः मात्र त्यांच्याशी लग्न ठरल्यावरही 'मिस्टर नाइटली' सोडत नाही. वर्गात हा प्रसंग शिकवताना विद्यार्थ्यांना प्रथम काहीच कळत नाही. 'पाटील' म्हणण्यात एवढे काय, असे त्यांचे चेहरे विचारतात. नुसते आडनाव हा बरोबरीच्या पुरुषांचा हक्क होता, हे सांगावे लागते. मुलांच्या निवासी शाळांत घडलेली ही सवय पुढे लंडनच्या सिटीत, म्हणजे तिथल्या बँकांच्या वस्तीत, टिकली. एकाच शाळेत, एकाच पलटणीत, एकाच क्लबात असलेले हे लोक. ओळख हेच तिथे तारण. बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर कायद्याचा बडगा न उगारता नुसत्या भुवया उंचावून बँकांना वळणावर आणतो, असे त्या काळी म्हटले जाई. लेखी हुकूम नाही, सूचनासुद्धा नाही. समजणाऱ्याने समजून घ्यायचे.

अटलांटिकपलीकडे तरी वेगळे काय होते? डिसेंबर १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या पूजो समितीपुढे थोरले जे. पी. मॉर्गन साक्षीला उभे राहिले. (समितीच्या नावाचा आपल्या पूजेशी संबंध नाही, पण तेव्हाच्या बँकदेवतांची पूजा मांडणारी ती खरीच.) समितीचे वकील सॅम्युअल अंटरमायर यांनी विचारले, पत ही पैशावर वा मालमत्तेवर आधारलेली नसते काय? मॉर्गन म्हणाले, नाही, आधी चारित्र्य. ज्याच्यावर विश्वास नाही अशा माणसाला सगळी रोखेपत्रे पुढे ठेवूनही आपल्याकडून पैसा मिळणार नाही. हे उत्तर त्या वेळी फार गाजले, आजही बँकांच्या समारंभी भाषणांत ऐकू येते. आम्हांला मात्र त्यातला दुसरा अर्थ अधिक जाणवतो. चारित्र्य ओळखणार कोण? तर मॉर्गन. आणि ओळखणार कसे? तर ओळखीने. त्याच समितीने मोजून दाखवले की मॉर्गन आणि त्यांच्या वर्तुळातील मोजक्या बँकांच्या माणसांकडे ११२ कंपन्यांतील ३४१ संचालकपदे होती. चारित्र्याची ही परीक्षा अर्थात त्या वर्तुळाबाहेरच्या कोणाला देताच येत नव्हती.

पुढच्या पिढीत बँक ऑफ इंग्लंडचे माँटेग्यू नॉर्मन आणि न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेचे बेंजामिन स्ट्राँग यांच्या मैत्रीने जगाच्या सोन्याचे प्रवाह वळवले. जुलै १९२७ मध्ये हे दोघे, जर्मनीचे शाख्त आणि फ्रान्सचे रिस्ट लाँग आयलंडवरच्या खासगी घरांत गुपचूप भेटले. त्यानंतर अमेरिकेतील व्याजदर चारवरून साडेतीन टक्क्यांवर आला. चार मित्रांनी सुट्टीत गप्पा मारल्या, असे कोणी त्याचे वर्णन केले तर शब्दशः खोटे म्हणता येणार नाही.

सिटीतले आडनाव जाऊन पहिले नाव कसे आले, याला एक ठळक तारीख द्यायची तर २७ ऑक्टोबर १९८६. लंडनच्या शेअर बाजाराचे जुने नियम त्या दिवशी मोडले: ठरावीक दलाली गेली, दलाल आणि जॉबर यांच्यातली भिंत गेली, परकीय बँकांना जुन्या पेढ्या पूर्णपणे ताब्यात घेणे शक्य झाले. अमेरिकी भांडवलाबरोबर अमेरिकी कार्यालयही आले आणि त्याबरोबर 'कॉल मी बॉब'. ज्यांची शाळा वेगळी, उच्चार वेगळा, अशा पुष्कळांना या बदलाने दार उघडले हे मान्य करायला हवे. जुन्या सिटीत आडनावाने हाक मारून घ्यायची ज्यांची पात्रता नव्हती, ते या नव्या सिटीत निदान पहिल्या नावाने तरी खोलीत शिरले. मॅसॅच्युसेट्समधून आलेले स्वतः डायमंड त्यांपैकीच एक.

इथे आपल्या जवळचे एक नाव येते. सप्टेंबर २००८ च्या १२ ते १४ तारखांना न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत लेमन ब्रदर्सला वाचवता येते का यावर खल चालला होता. त्या खोलीत जेमी डायमन होते, लॉइड ब्लँकफाइन होते, जॉन मॅक, जॉन थेन होते, बोलावणारे 'हँक' पॉल्सन आणि 'टिम' गाइटनर होते; आणि सिटीग्रुपचे प्रमुख म्हणून विक्रम पंडित होते. नागपुरात जन्मलेला, दादरच्या शाळेत शिकलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेला. नागपूर-दादरच्या कुठल्याही कार्यालयात त्यांचे 'पंडितसाहेब' झाले असते, घरच्या वडीलधाऱ्यांत 'अरे विक्रम'. त्या खोलीत ते 'विक्रम' होते, ना अरे ना साहेब. आपल्या भाषेत या तिसऱ्या जागेला शब्द नाही. खासगी बँका १९९० नंतर आपल्याकडे आल्या तेव्हा तिथेही पहिल्या नावाचा शिरस्ता पडला, पण मराठी जिभेने त्यावर तोड काढली: 'विकास सर', 'नीता मॅडम'. नाव अमेरिकेचे, शेपूट आपले.

त्या तीन दिवसांत ज्यांच्या संस्थेचा निवाडा चालला होता ते रिचर्ड फुल्ड, सगळ्यांचे 'डिक', खोलीत नव्हतेच. ते बँक ऑफ अमेरिकेच्या केन लुइस यांच्या घरी पुन्हा पुन्हा फोन करत होते आणि पलीकडून लुइस फोनवर येत नव्हते. सोमवारी, १५ सप्टेंबरला, लेमनने दिवाळखोरी जाहीर केली. पहिल्या नावाची ओळख ही फोन उचलला जाईपर्यंतच असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लायबॉर म्हणजे लंडनच्या मोठ्या बँका एकमेकींकडून किती व्याजाने कर्ज घेऊ शकतील, याचा त्यांनी स्वतःच रोज सांगितलेला अंदाज. त्यावर जगभरची गृहकर्जे, रोखे, करार बांधलेले होते. (२०२४ मध्ये त्याचा शेवटचा अवशेषही बंद झाला.) २००८ च्या शरद ऋतूत जी बँक जास्त दर सांगेल ती अडचणीत आहे, असा बाजाराचा समज होत होता. बार्कलेजचे आकडे चढे होते. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडसारख्या बँकांत सरकारला भांडवल घालावे लागले होते आणि ती पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून बार्कलेज आखाती देशांकडून भांडवल उभारायच्या खटपटीत होती. अशा वेळी, २९ ऑक्टोबर २००८ रोजी, बँक ऑफ इंग्लंडचे बाजारविषयक संचालक पॉल टकर यांचे बॉब डायमंड यांच्याशी फोनवर बोलणे झाले.

डायमंड यांनी या संभाषणाचे टिपण केले आणि आपले वरिष्ठ जॉन व्हार्ली यांना पाठवले. एक प्रत जेरी डेल मिसिए या सहकाऱ्याला. टिपणाचा आशय असा: बार्कलेजचे दर नेहमी वरच्या टोकाला का, असे व्हाइटहॉलमधली काही वरिष्ठ मंडळी विचारत आहेत, असे टकर यांनी कळवले. आणि शेवटी, आपण अलीकडे जितके वर दिसतो तितके नेहमी दिसायलाच हवे असे नाही, असेही ते म्हणाले. डायमंड यांनी संसदेत सांगितले की त्यांनी याला आदेश मानले नाही. टकर यांनी ९ जुलैला सांगितले की आपण आदेश दिलाच नाही, टिपणातल्या शेवटच्या वाक्याने चुकीचा ग्रह होतो. डेल मिसिए यांनी १६ जुलैला सांगितले की त्यांनी तो आदेशच समजून खाली कळवला. आणि नियामकांनी दंड करताना लिहिले होते की फोनवर आदेश दिला गेला नव्हता. निरोप खाली जाताजाता गैरसमज झाला.

साहित्याच्या अभ्यासकाने हे टिपण एक संहिता म्हणून वाचावे असे आम्हांला फार वाटते. त्यातले नकार पाहा. 'हवे' नाही, 'नको' नाही. 'हवेच असे नाही'. क्रियापदाला आज्ञार्थ नाही. समपातळीवरच्या माणसांत आज्ञार्थ वापरता येत नाही, म्हणून वाक्य नकारातून वळसा घेते. पण तेच वाक्य जिना उतरून खाली गेले की तिथे समपातळी नसते. वर जी सूचक कुजबूज होती ती खाली हुकूम होऊन पोचते. वरच्यांना प्रामाणिकपणे म्हणता येते की आम्ही हुकूम दिला नाही. खालच्याला तितक्याच प्रामाणिकपणे म्हणता येते की आम्हांला हुकूम मिळाला. दोघेही खोटे बोलत आहेत असे धरायची गरजच उरत नाही, आणि म्हणूनच चौकशी समितीच्या हाती काही लागत नाही. 'साहेब' म्हणणाऱ्या व्यवस्थेत निदान साहेब कोण हे लिहिलेले असते.

जुलै २०१२ मध्येच या दोघांतील ईमेलही बाहेर आल्या. टकर यांची उपगव्हर्नरपदी नेमणूक जाहीर झाली त्या डिसेंबरात डायमंड यांनी त्यांचे अभिनंदन करताना आपल्याला त्यांचा खरोखर अभिमान वाटतो असे लिहिले होते. टकर यांनी बॉबचे आभार मानत, या साऱ्या काळात तुझा भक्कम आधार होता अशा अर्थाचे उत्तर दिले. लोक या ओळींवर तुटून पडले. आमचे मत जरा वेगळे आहे. त्यांत कट शोधणे अन्यायाचे होईल. संकटात रात्रंदिवस एकत्र काम केलेल्या माणसांची ती साधी ऊब आहे. टकर यांच्याविरुद्ध काही सिद्धही झालेले नाही. पण ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्यानेच आपल्या बढतीचा अभिमान बाळगावा, आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटू नये, ही पहिल्या नावाच्या भाषेची करामत. नेमके काय बिघडले हे दाखवायला शब्दात काही सापडत नाही. त्या नोव्हेंबरात गव्हर्नरपद मात्र टकर यांना मिळाले नाही. ते कॅनडाच्या मार्क कार्नी यांच्याकडे गेले.

मग शिक्षा कोणाला झाली? पहिल्या नावाची भाषा खालच्या मजल्यावरही होती. लायबॉरचे आकडे हवे तसे लावून देणाऱ्याला व्यवहार करणारे 'यार', 'दोस्ता' म्हणत आणि शँपेनची बाटली कबूल करत. हेही सारे लेखी सापडले. या मजल्यावरचे काही जण तुरुंगात गेले. टॉम हेस यांना २०१५ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती अकरा झाली. आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दोषसिद्धीच रद्द केली, कारण ज्युरीला कायदा चुकीचा समजावून सांगितला गेला होता. वरच्या मजल्यावरच्यांनी पदे गमावली, फार तर.

हे सारे दूरचे आहे असे म्हणून हात झटकता आले असते तर बरे झाले असते. आमच्या एका जुन्या महाविद्यालयात नवे प्राचार्य आले आणि पहिल्याच सभेत म्हणाले, मला नावाने हाक मारा, आपण एक कुटुंब आहोत. चार-सहा जणांनी तसे केलेही. वर्षअखेर तासिका तत्त्वावरच्या तिघांचे काम थांबले, तेव्हा त्यांना पत्र मिळाले नव्हते. चहा पिताना 'पुढच्या वर्षी तुम्हालाही मोकळेपणा मिळेल' एवढेच कानावर आले होते. दाद मागायची तर कशाविरुद्ध? आणि त्याच महाविद्यालयात आमच्याहून दहा वर्षांनी मोठ्या शिपाईमामांना आम्ही 'अरे, जरा खडू आण' म्हणत होतो, हेही इथे नोंदवले पाहिजे.

मागच्या सत्रात आम्ही एम.ए.च्या वर्गाला डायमंड यांच्या टिपणाचे आणि त्या ईमेलींचे मराठी भाषांतर करायला दिले. इंग्रजीला 'यू'मागे लपता येते. मराठीला येत नाही. निम्म्या वर्गाने टकर आणि डायमंड यांच्यात 'तू' लावले, काहींनी 'तुम्ही', एकाने 'बॉबसाहेब' लिहून खाली खोडले. खरी अडचण टिपणातल्या शेवटच्या वाक्याला आली. डायमंड यांनी टकर यांच्याविषयी आपल्या वरिष्ठाला लिहिलेले ते वाक्य. 'तो म्हणाला' लिहिले तर मित्राचा सल्ला होतो, 'ते म्हणाले' लिहिले तर सरकारचा निरोप. मागच्या बाकावरच्या एका मुलीने दोन्ही लिहून मध्ये तिरकी रेघ ओढली होती, आणि समासात विचारले होते: सर, जेरीने कुठले वाचले असेल?